बंदी आहे म्हणतात, मग मावशीच्या गावात हॉल भरतोच कसा?

बार्शीकर_भाचा

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. माझी मावशी झेडपीच्या शाळेवर शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत आहेत. तिच्या भिशीतल्या एका बाईंनी तिला एका कंपनीत घातलंय. स्कीम अशी की एक लाख भरायचे, दर महिन्याच्या 5 तारखेला 10 हजार खात्यावर, असे 20 महिने, म्हणजे लाखाचे दोन लाख. वर कुणाला आणलंत तर त्याच्या रकमेच्या 5 टक्के हातात. मावशीने जानेवारीत लाख भरले आणि चार हप्ते आलेत. आलेत हो, हाच तर घोळ आहे! एखादा जरी बुडाला असता तरी तिला समजावता आलं असतं. आता म्हणते एफडी मोडून अजून सहा टाकते.

गेल्या रविवारी तिच्यासोबत मीटिंगला गेलो होतो. मंगल कार्यालय, तीनेकशे माणूस, दारात दोन पांढऱ्या फॉर्च्युनर, आत पुलाव आणि जिलेबी. स्टेजवरचा माणूस एवढ्या उकाड्यात कोट घालून उभा. त्याने विचारलं, ज्यांचा हप्ता वेळेवर आला त्यांनी हात वर करा, अख्खा हॉल वर. मावशीचा पण. मी पैसे कुठे लावता असं विचारलं तर म्हणाला फॉरेक्स, गोल्ड, प्लॉटिंग, बाकीचं सीक्रेट आहे सर, आणि लोक माझ्याकडे असं बघायला लागले की जसं मी लग्नात शिंकलो.

मावसभाऊ म्हणतो कंपनी रजिस्टर आहे, पॅन आहे, जीएसटी नंबर आहे, टीडीएस कापून 9800 येतात आणि ते मावशीच्या 26एएस मध्ये (टॅक्स खात्याचा उतारा) दिसतात, सरकार टॅक्स घेतंय म्हणजे लीगलच की. आता मला सांगा, असल्या चेन स्कीमवर 1978 पासून बंदी आहे असं गुगल केल्यावर कळलं. मग दर दोन-चार वर्षांनी नवीन कंपनी, नवीन हॉल हे चालतं कसं? आणि बुडायच्या आधी तक्रार करता येते का, की आधी बुडायचं आणि मग रांगेत उभं राहायचं?

कोर्टाची_पायरी

जिल्हा कोर्टात वकिलांच्या हाताखाली आहे, मोठा तज्ज्ञ नाही, पण ठेवीदारांच्या केसेसचे गठ्ठे रोज उचलतो म्हणून लिहितो.

कंपनी रजिस्टर असणं म्हणजे बारशाचं सर्टिफिकेट. नाव ठेवलंय एवढंच त्यातून कळतं, पोरगा पुढे काय करणार ते नाही. लोकांकडून ठेवी घ्यायच्या तर वेगळी परवानगी लागते, रिझर्व्ह बँक, सेबी, सहकार खातं, ज्याचं त्याचं. जीएसटी आणि टीडीएसचं पण तेच. टॅक्स खातं पैसा आला कुठून हे विचारून पावती देत नाही.

कायदे म्हणाल तर एक नाही चार आहेत. 1978 चा प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन (म्हणजे माणसं जोडून पैसे फिरवायच्या स्कीम) बंदीचा, आपल्या राज्याचा 1999 चा एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा, मग केंद्राचा 2019 चा अनियंत्रित ठेवींवर बंदीचा, आणि 2021 च्या शेवटी डायरेक्ट सेलिंगचे नियम आले त्यात पिरॅमिडला, म्हणजे माणसाखाली माणूस जोडायच्या साखळीला, सरळ मनाई. 78 च्या कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड जास्तीत जास्त 5 हजार. शून्य लिहायला नाही विसरलो, 5 हजारच. तुमच्या त्या स्टेजवरच्या माणसाचा कोट त्याहून महाग असेल. 2019 च्या कायद्यात मात्र दात आहेत, नुसतं लोकांना ठेवी ठेवा म्हणून बोलावलं तरी एक ते पाच वर्षं, घेतल्या तर दोन ते सात, आणि फसवून बुडवल्या तर दहा वर्षांपर्यंत.

आता खरी गोम ऐका, ही लोकांना माहीत नसते. 78 च्या कायद्याचं कलम 3 म्हणतं की अशी स्कीम कुणी चालवायची नाही, आणि तिच्यात मेंबर पण व्हायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. म्हणजे मावशी पीडित पण आणि कायद्याच्या नजरेत गुन्ह्यात पण. एमपीआयडी आणि 2019 च्या कायद्यात ठेवीदार हा ठेवीदारच धरतात, पण ज्याने चार माणसं जोडून 5 टक्के खाल्ले तो कुठे बसवायचा यावर सगळं घोडं अडतं. त्यामुळे विचारतो, मावशीने कुणाला आणलंय का? आणि एक लाखाची पावती म्हणून हातात नक्की काय कागद दिलाय? तो नीट वाचून इथे टाका, नावं खोडून.

गणपुले_गणिती

स्कीम प्रामाणिक वाटते कारण पहिले साडेनऊ महिने ती प्रामाणिकच असते 😀 बघा ना, लाख आले, 5 हजार आणणाऱ्याला गेले, उरले 95. महिन्याला 10 प्रमाणे साडेनऊ महिने तुमचेच पैसे तुम्हाला परत. त्यासाठी फॉरेक्स नको, गोल्ड नको, एक चालू खातं आणि एक मुलगी एक्सेल भरायला बसवली की झालं. जिलेबी आणि फॉर्च्युनरचा हप्ता नवीन लोकांच्या पैशातून. मावशीचे चार आलेत म्हणजे तिच्याच लाखातले साधारण चाळीस तिला परत मिळालेत, फायदा अजून शून्य. हॉलमध्ये हात वर करणारे सगळे असेच, स्वतःच्याच खिशातले पैसे दुसऱ्या खिशात आले म्हणून टाळ्या.

आणि जिथे दोन जोड, दोघांनी दोन-दोन जोड असली बायनरी असते तिथे तर बेरीज करूनच बघा. वर एक माणूस, खाली 26 पायऱ्या, एकूण 13 कोटी 42 लाख. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी होता. म्हणजे तान्ह्या बाळापासून सगळ्यांना आयडी काढून दिला तरी शेवटच्या पायरीला माणसं आणायला मध्य प्रदेशात जावं लागेल.

जाऊदेहो

बंदी तर गुटख्यावर पण आहे 2012 पासून. कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारा, मिळतो का.

अहो दादरला टॉरेसचं शोरूम फेब्रुवारी 2024 मध्ये उघडलं, रस्त्यावर, काचेचं, दिवे लावून. मॉइसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे, खडे विकायचे आणि त्याच्यावर दर आठवड्याला परतावा. आठवड्याला! भाजीवाल्यांनी पैसे घातले, नोकरदारांनी घातले. अकरा महिने कुणाला दिसलं नाही. 6 जानेवारी 2025 ला शटर बंद बघून लोक गोळा झाले तेव्हा गुन्हा दाखल, मग आर्थिक गुन्हे शाखा, तोवर युक्रेनवाले मुख्य लोक केव्हाच पसार. नंतर हायकोर्टाने दिरंगाईवरून पोलिसांना सुनावलं. सुनावलं, बरं झालं, पुढे?

पर्ल्सचं बघा, जमिनीच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा करणारी कंपनी. सेबीने 2014 ला ऑर्डर काढली 49,100 कोटी परत करा म्हणून. सुप्रीम कोर्टाने 2016 ला लोढांची कमिटी नेमली. मग पैसे द्यायला सुरुवात कितीपासून, तर अडीच हजारांपर्यंत ज्यांचे होते त्यांच्यापासून, मग पाच, मग सात, मग दहा. माणूस म्हातारा होतो त्या पायऱ्या चढताना.

आणि सगळ्यात कहर म्हणजे बिटकॉइनवालं. पुणे पोलिसांनी 2018 च्या बिटकॉइन फसवणुकीच्या केसमध्ये तपासाला मदत म्हणून दोन तज्ज्ञ घेतले आणि 2022 ला त्याच दोघांना अटक केली, जप्तीतले बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून. जळगावच्या पतसंस्थेत जो अवसायक (बुडीत संस्थेची देणी-घेणी उरकणारा) नेमला त्यालाच पुढे अटक. कुंपणाने शेत खाल्लं तर म्हण तरी आहे, इथे कुंपण, बुजगावणं, राखणदार सगळेच जेवायला बसले. तुम्ही कायद्याची कलमं सांगा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

निवृत्त_कॅशियर

जाऊदेहो यांचा राग कळतो पण पॉपकॉर्न खाऊन त्या मुलाच्या मावशीचे सहा लाख वाचणार नाहीत.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. आम्ही नवीन लागलो तेव्हा कलकत्त्याच्या संचयिता नावाच्या ठेवी घेणाऱ्या पेढीची चर्चा असायची. फार शिकण्यासारखी केस आहे. कागदावर व्याज 12 टक्के, सगळं नियमात. प्रत्यक्षात ठेवीदाराला मिळायचे 48 टक्के, पुढे ते 36 केले. वरचे पैसे कागदावर नाहीतच, घरपोच रोखीत. डिसेंबर 1980 मध्ये छापे पडले, 78 च्याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, आणि 1982 ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. का, तर त्या कायद्याप्रमाणे मनी सर्क्युलेशन म्हणायला पैसा मिळणं हे नवीन मेंबर जोडण्यासारख्या कशावर तरी अवलंबून पाहिजे, आणि इथे तर सरळ ठेव आणि भरमसाट व्याज. कायदा येऊन चार वर्षं नाही झाली तोवर त्याला असं भगदाड. तेव्हापासून हे लोक कायदा आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात. कायदा मेंबर जोडणीवर बोट ठेवतो म्हटल्यावर ठेव घेतात, ठेवीवर ठेवतो म्हटल्यावर खडा विकतात, शेळी विकतात, प्लॉटचं बुकिंग घेतात.

म्हणून कोर्टाची पायरी यांनी विचारलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तोंडी काय सांगतात ते सोडा, कागदावर काय आहे?

41_माणसं

नवीन आयडी काढून लिहितोय, जुन्यावर गावातले लोक आहेत.

मी एजंट होतो. दहा-बारा वर्षं झाली. कंपनीचं नाव नाही घेत, मराठवाड्यातले ओळखतील. तिप्पट द्यायची. मी कुणाला फसवायला नव्हतो निघालो, माझेच आधी भरले होते, माझे हप्ते आले म्हणून मी दुसऱ्याला सांगितलं, एवढंच. एका वर्षात 41 लोक जोडले. साडू, दाजी, शाळेतला शिपाई, ट्रॅक्टरवाला, आमच्या गल्लीतली विधवा बाई जिला विम्याचे पैसे आले होते. कमिशनमधून बुलेट घेतली, लोकांना वाटायचं बघा याचं कसं झालं, त्या बुलेटमुळेच शेवटचे दहा-पंधरा आले असतील.

बंद पडली तेव्हा आधी ऑफिसचा फोन लागेना, मग लीडरचा, मग माझा चोवीस तास वाजायला लागला. तक्रार द्यायची म्हणून ठाण्यात गेलो. हवालदार वयस्कर होता, चांगला माणूस, पाणी दिलं. अर्ज वाचला आणि विचारलं किती भरले, म्हणलं चार लाख. मग विचारलं किती जणांना जोडलं. म्हणलं एक्केचाळीस. त्यांनी अर्ज घडी करून माझ्या हातात परत दिला, म्हणाले आधी घरी जाऊन ठरव, तू फिर्यादी आहेस का आरोपी, मग ये. मी गेलोच नाही परत. माझ्या वरचा पण नाही गेला, त्याने दीडशे जोडले होते. त्याच्या वरचा कशाला जाईल. आणि खालचे माझ्या दारात बसलेले, त्यांना कंपनी माहीतच नव्हती, त्यांनी पैसे मला बघून दिलेले. आता तुम्ही म्हणता पोलीस आधी का येत नाहीत. तक्रार कोण करणार, ज्याला सगळं माहीत आहे त्याचेच हात बरबटलेले.

वीस गुंठे विकून दाजीचे आणि त्या बाईचे फेडले. बाकीच्यांचे नाही फिटले. राखीला बहीण येते, चहा घेते. दाजी मोटारसायकलवर रोडलाच थांबतात, घरात येत नाहीत.

बार्शीकर भाऊ, मावशीने अजून कुणाला आणलं नसेल तर आज रात्री तिच्या पाया पडा पण थांबवा. पैशाचं नंतर बघता येईल.

गणपुले_गणिती

41_माणसं, वाचून गप्प झालो. वरचे स्मायली टाकले त्याबद्दल सॉरी.

रोकडा_जबाब

बार्शीकर, मावशीशी वाद घालू नका, हे माझ्या वडिलांच्या बाबतीत चुकलं होतं. आपण पाँझी (नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणारी स्कीम) म्हणालो, त्यांना ऐकू आलं तुम्ही मूर्ख आहात. तुम्ही फक्त एवढं म्हणा, मावशी सहा लाख टाकायच्या आधी पहिल्या लाखातले पन्नास परत काढून दाखव. बँकेची एफडी मोडायला अर्धा तास लागतो, इथे किती लागतो बघू. बास. नवीन पैसे घेताना जे लोक घरी येऊन घेतात ते परत द्यायच्या वेळी कसे बोलतात हे तिला स्वतःला ऐकू द्या.

तक्रारीचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचं सचेत पोर्टल आहे, 2016 पासून, त्यावर टाकता येते. पोलीस, सेबी, रिझर्व्ह बँक यांची राज्य पातळीवरची समन्वय समिती असते, तिकडे माहिती जाते. लगेच सायरन वाजवत गाडी येईल असं नाही, मी एकदा एका ठिकाणी ऑनलाइन तक्रार केली होती तर सात महिन्यांनी मेल आला की संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे, आणि तो संबंधित विभाग म्हणजे ज्यांनी मला आधी ऑनलाइन करा म्हणून पाठवलं होतं तेच. तरी करा. कधी ना कधी कुणीतरी विचारतं की आधी माहिती होती का, तेव्हा तारीख लागते.

कोर्टाची_पायरी

रोकडा यांच्यात भर. बुडायची वाट बघावी लागते हा गैरसमज आहे. 2019 च्या कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याला नुसतं वाटलं की हा माणूस परवानगी नसताना ठेवी मागतोय, तरी तो खाती आणि मालमत्ता तात्पुरती गोठवू शकतो. हप्ता चुकलाच पाहिजे अशी अट नाही. पण खरं सांगू, हप्ते चालू असताना खातं गोठवलं तर दुसऱ्या दिवशी ठेवीदारच मोर्चा घेऊन येतात की तुमच्यामुळे कंपनी बुडाली. आमच्याकडे घडलंय, एमपीआयडीच्या एका केसमध्ये जामिनाच्या तारखेला कोर्टाबाहेर ठेवीदार हार घेऊन उभे, आरोपीसाठी. साहेब बाहेर आले तर आमचे पैसे देतील म्हणून. कुठला अधिकारी हे अंगावर घेईल? बंद पडल्यावर गुन्हा दाखल केला तर पेपरात फोटो येतो, आधी केला तर शिव्या.

बार्शीकर_भाचा

सगळ्यांना रिप्लाय द्यायला उशीर झाला, चार दिवस तिकडेच होतो.

आधी चांगली बातमी, मावशीने अजून कुणालाच आणलेलं नाही. शेजारच्या काकूंना विचारणार होती, राहून गेलं. पन्नास हजारांचं विचारलं तर ज्या भिशीवाल्या बाईंनी आणलं त्या म्हणाल्या अर्ज करावा लागतो, 45 दिवस लागतात, आणि अर्ज केला की पुढचे हप्ते होल्डवर. मग रात्री त्या कोटवाल्याचाच फोन, ताई तुम्ही काढू नका, तुम्हाला मी डायमंड लेव्हल देतो. मावशी म्हणाली मला डायमंड नको, माझे पैसे द्या. तर म्हणे ताई निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा. म्हणजे मी.

आता कागद. 500 च्या स्टॅम्पवर करारनामा आहे. त्यात लिहिलंय की लिहून देणार यांनी लिहून घेणार यांच्याकडून घरगुती अडचणीपोटी रुपये एक लाख हातउसने, बिनव्याजी घेतले. हातउसने! लिहून देणार म्हणून कंपनीचं नाव नाहीच, तिसऱ्याच एका बाईंचं आहे, त्यांना मावशीने आयुष्यात पाहिलेलं नाही. महिन्याला 10 हजाराचा कुठे उल्लेख नाही. कॅशियर काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

आणि 26एएस पुन्हा उघडलं. मावसभाऊ जो टीडीएस टीडीएस करत होता तो व्याज म्हणून नाही, 194एच खाली आहे. कोर्टाची पायरी, हे कमिशन ना?

कोर्टाची_पायरी

हो, कमिशन-दलालीचं कलम. म्हणजे पैसे घेताना ते उसने, आणि परत देताना तुमच्या मावशी त्यांच्या एजंट. उद्या बंद पडलं तर कागदोपत्री त्या ठेवीदार नाहीतच, एजंट आहेत, हप्ते म्हणजे त्यांचं कमिशन. हे वकिलाने बसून केलेलं काम आहे, हॉलमधल्या कोटवाल्याचं नाही. पण घाबरू नका, 2019 च्या कायद्यात ठेवीची व्याख्या उसने, कर्ज, ॲडव्हान्स, नाव काहीही द्या, धंदा म्हणून घेतलं आणि परत द्यायचं कबूल केलं तर ठेवच. बँक स्टेटमेंट काढा, लाख कुणाच्या खात्यात गेले आणि हप्ते कुणाच्या खात्यातून आले दोन्ही दिसेल. व्हॉट्सॲप ग्रुपवरची पत्रकं, मीटिंगचे मेसेज सेव्ह करा, ग्रुपमधून आत्ताच बाहेर पडू नका.

41_माणसं

एजंट शब्द तिला दाखवलात का?

बार्शीकर_भाचा

दाखवला. सहा लाखाचं, बुडण्याचं सगळं ऐकून घेतलं तेव्हा काही वाटलं नाही, पण हे वाचल्यावर चष्मा काढून परत घातला आणि म्हणाली, मी कुणाचं एक पैशाचं काम केलं नाही आणि माझ्या नावापुढे दलाली? मी तीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उरकून बसली आणि पोलीस अधीक्षकांच्या नावाने अडीच पानांचा अर्ज लिहिला, हाताने, समास सोडून, तारखांखाली लाल रेघा मारून. मावसभाऊ रुसलाय, म्हणतो काढून घे म्हटलं तर 45 दिवसांत मिळाले असते, आता ते पण अडकणार. त्याचे स्वतःचे दोन लाख आहेत आत आणि त्याने तिघांना जोडलंय, हे आम्हाला कालच कळलं.

उद्या अर्ज द्यायला जाणार. सोबत काय न्यायचं?

कोर्टाची_पायरी

अर्जाच्या दोन प्रती. एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. नंतर बघतो म्हणाले तर बाकावर बसून राहायचं. आणि मावसभावाला वेगळा वकील बघायला सांगा, मावशीच्या अर्जात त्याला घालू नका आणि वगळलंय असंही लिहू नका.

निवृत्त_कॅशियर

पाण्याची बाटली आणि पोळी-भाजी न्या. आवकवाला जेवायला गेला की तीनपर्यंत येत नाही.